कॉफी पुढ्यात ठेवून

अम्मान
गुरुवार, ९ जानेवारी

दादा,

तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र. फोन नुसता वाजू देता येतो, पत्र हातात आलं की निदान पाकीट तरी फोडावं लागतं. सलामा ड्रायव्हर दर गुरुवारी इथून गावाकडची बस काढतो, त्याच्या हाती देतेय. तो म्हणाला, "बाई, तुमच्या भावाने घेतलंच नाही तर?" मी म्हटलं, "मग तूच वाच आणि कसं झालंय ते मला सांग." तो हसला नाही. घाबरतो तो तुला. फौजेतून बाहेर पडून इतकी वर्षं झाली, तरी तुझा सार्जंटपणा काही जात नाही.

तू रागावलायस, ते मी समजू शकते. भावकीने बसून दैफल्ला पाशाचं नाव ठरवलं आणि मी तरीही बायकांच्या राखीव जागेसाठी उभी राहिले. पाशा पडला, मी आले. मतं मी फोडली असं सगळे म्हणतात. मला मिळालेली निम्मी मतं अशा बायकांची होती, ज्यांनी पाशाला जन्मात मत दिलं नसतं. पण ते भांडण आपलं झालंय, पुन्हा उगाळत नाही. मला दुसरंच सांगायचंय. इथे मजलिसमध्ये खासदाराचा आठवडा कसा जातो याचं तुला कुतूहल नाही, असं म्हणूच नकोस. वर्तमानपत्र मृत्यूच्या जाहिरातींसकट वाचणारा माणूस तू!

तर ऐक. रविवारी लोक येतात. आपल्याकडचे पहाटेच्या बसने निघतात आणि मी ऑफिसात पोचायच्या आधी जिन्यात बसलेले असतात. मुलाची बदली, आईच्या ऑपरेशनच्या खर्चाची माफी, मुलीला नोकरी. परवा एक म्हातारी आली होती. शेजाऱ्याचा कोंबडा अवेळी आरवतो, त्यावर कायदा करा म्हणाली. मी म्हटलं, "आजी, कायदे असे होत नाहीत." ती म्हणाली, "मग तुम्ही तिथे करता काय?" दादा, या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतेय. सोमवार-मंगळवार समित्या. बुधवारी सभा. सभेत मंत्री भाषणं ऐकत असतात असं मला टीव्हीवर बघून वाटायचं. प्रत्यक्षात खासदार एकामागून एक त्यांच्या बाकाशी जाऊन वाकतात आणि लोकांचे अर्ज पुढे करतात. मंत्री सह्या करत असतात. बोलणारा बोलत असतो. मी पहिल्या दिवशी तोंड उघडं टाकून बघत बसले. दुसऱ्या बुधवारी मीही अर्ज घेऊन गेले.

आणि शुक्रवारी मयतीला आणि लग्नाला. खासदारबाई म्हणून मला पुरुषांच्या बैठकीत बसवतात. परवा एका सांत्वनाला गेले. कॉफीवाल्याने कप दिला, मी प्यायले. त्याने पुन्हा भरला, मी पुन्हा प्यायले. पुन्हा भरला! मला वाटलं, काय आग्रही घर आहे. शेवटी शेजारी बसलेले अबू दुरैद कानाशी म्हणाले, "हलव बाई, कप हलव! नाहीतर तो सकाळपर्यंत ओतेल." आपल्या बैठकीत तुम्ही सगळे कप परत देताना मनगट हलवता, ते मी लहानपणापासून दाराआडून बघतेय. पण कशासाठी हलवता, हे कुणी बायकांना सांगितलंच नव्हतं. वीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं आणि एवढं मला माहीत नव्हतं. रात्रभर छाती धडधडत होती.

हे अबू दुरैद उत्तरेकडचे, पाचव्यांदा निवडून आलेले. जाडजूड, सतत हसणारे. मला मुलीसारखं वागवतात आणि विद्यार्थिनीसारखं रागावतात. तुला आवडले असते.

मैसून


अम्मान
गुरुवार, २३ जानेवारी

दादा,

सलामा म्हणतो, तू माझं पत्र स्टँडवरच उभ्याने वाचलंस आणि घडी घालून लोकरी फरव्याच्या आतल्या खिशात ठेवलंस. चुलीत नाही, म्हणजे प्रगती आहे. वहिनीने पाठवलेलं तूप मिळालं. तुला न सांगता पाठवलं असणार, असं मी धरून चालते. तूही तसंच धर.

या आठवड्यात अबू दुरैद मला त्यांच्या पुतण्याच्या मागणीला घेऊन गेले. मोठी जाहा होती, मागणं घालायला निघालेले पन्नासेक पाहुणे, पुढे पांढऱ्या दाढ्या. मुलीकडच्यांनी कॉफी दिली, अबू दुरैदनी कप खाली ठेवला. आता मागणं सांगायचं, मुलीच्या बापाने "प्या कॉफी, आलात त्यासाठी ते तुम्हाला दिलं" म्हणायचं आणि मगच कपाला तोंड लावायचं. तोवर सगळे कप तसेच गार होत पडलेले. पण मुलाचा एक काका होता, लांबून प्रवास करून आलेला. त्याने कप हातात आल्याबरोबर घटकन रिकामा केला! सगळी बैठक दगड झाली. मुलीचा बाप खट्याळ निघाला. म्हणाला, "यांनी कॉफी घेतली. म्हणजे काही मागायला आले नव्हते वाटतं. चला, भेटून बरं वाटलं!" हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काका बिचारा कोपऱ्यात तोंड लपवून बसला. लग्न ठरलं, काळजी नको. पण परतताना अबू दुरैद गंभीरपणे म्हणाले, "लोक हसले म्हणून निभावलं. जाहाचं तोंड असलेल्या, सगळ्यांच्या वतीने बोलणाऱ्या माणसाने असं केलं असतं, तर मागणं तिथेच मेलं असतं."

शनिवारी गावी आले होते. तू घरी नव्हतास. म्हणजे माझी गाडी वळणावर दिसल्याबरोबर तू शेळ्यांकडे गेलास. मी गच्चीवर गेले. टाकी वाजवून बघितली, बोंब. वहिनी म्हणाली, पाण्याची पाळी गेल्या महिन्यात एकदा आली, तीही करंगळीएवढी. बाकी टँकर. मी विचारलं टँकर कुणाचा, तर तिने भांडी घासायला घेतली.

दादा, खाली वादीच्या दरीत पाणी आहे. आपल्या पाइपला पाणी देणारी सरकारी विहीर वादीच्या तोंडाशी आहे आणि ती तीन वर्षांपूर्वी भरपूर उपसत होती. मग पाणी जातं कुठे? मला राग आला म्हणून विचारत नाहीये. मला खरंच जाणून घ्यायचंय.

तुला आपलं अंगणातलं जुनं टाकं आठवतं? मी सगळ्यांना छळायचे, तळाशी काय आहे म्हणून. बाबा खेकसायचे. एक दिवस तू माझ्या कमरेला दोरी बांधलीस आणि आत सोडलंस. वर तुझं डोकं तेवढं दिसत होतं. तू ओरडत होतास, "काय दिसतंय? मैसून, काय दिसतंय?" आणि मी मुद्दाम उत्तर दिलं नाही, तू घाबरावास म्हणून. खाली एक फुटकी घागर होती, भिंतीतून आलेली अंजिराची मुळं होती आणि कुणाची तरी एक चप्पल. वर आल्यावर तू मला एक थोबाडीत मारलीस आणि मग खजूर दिलास.

मी मंत्र्यांना लेखी प्रश्न टाकलाय. आमच्या वादीत बोअर किती, परवानगी असलेल्या किती, नसलेल्या कुणाच्या. एवढाच.

मैसून


अम्मान
गुरुवार, ६ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं. दोन पानं. त्यात पावसाचं मान आहे, देशापुढची आव्हानं आहेत आणि माझ्या आस्थेबद्दल आभार आहेत. बोअर किती, ते नाही.

मी ते घेऊन अबू दुरैदकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि म्हणाले, "छान लिहिलंय."

"पण उत्तर कुठाय?"

"बाई, लेखी प्रश्न म्हणजे दारावरची टकटक. आतल्याने 'घरी कुणी नाही' म्हटलं की बहुतेक लोक परत जातात. तुला आत जायचंय का?"

"जायचंय."

"मग सभेत उभी राहा. तिथे विचारलं की आकडा द्यावाच लागतो आणि तो छापला जातो. पण आधी सांग, आत कोण बसलंय हे तुला माहीत आहे ना?"

माहीत आहे, दादा. कारण मी स्वतः खाली गेले होते. गाडी वर ठेवून चालत. वादीच्या वळणापलीकडे मैलभर प्लास्टिक पसरलंय आणि खाली टोमॅटो, या थंडीतसुद्धा लालबुंद. पंपांचा आवाज लपत नाही. पाशाच्या बोअर आहेत. टँकरही त्याच्याच पंपावर भरत होते, आपल्या गावाच्या नावाच्या पाट्या लावलेले. म्हणजे आपल्या पाइपातलं पाणी आधी पाशाच्या पंपात येतं आणि मग तुझ्या दारात विकायला. मला इतकं हसू आलं की मी खाली बसले. नंतर मात्र हसू गेलं.

तुझा राकान भेटला. तिथे मुकादम झालाय, हे तू मला कळवलं नाहीस. मुलगा छान उंच झालाय. "आत्या, तू इथे कशाला आलीस?" म्हणाला आणि टोमॅटोची एक पेटी गाडीत ठेवली. पाठ वळली की कुणाला तरी फोन करत होता. त्याला बोल लावू नकोस, नोकरी आहे त्याची.

आता सगळे म्हणतील, मैसून निवडणुकीचा सूड घेतेय. मी स्वतःलाही तेच विचारून पाहिलं. पाशा निवडून आला असता तर मी हा प्रश्न विचारला असता का? असता. तेव्हा तर नक्कीच, कारण तो शेजारच्या बाकावर असता आणि त्याचं तोंड बघायला मिळालं असतं.

येत्या बुधवारी माझा प्रश्न पुकारला जाईल. मला पाशाची भीती वाटत नाही. तू पुन्हा कधीच बोलणार नाहीस, याची वाटते. हे असं लिहायला मला लाज वाटते, पण खरं आहे. तू बोलत नसलास, की गावी जाऊन मी कुणाच्या घरी जातेय हेच मला कळत नाही.

मैसून


अम्मान
सोमवार, १० फेब्रुवारी

दादा,

आज सलामाची बस नाही, तरी लिहितेय. उद्या तुझ्या हातातच देईन, तू घेतलंस तर.

वहिनीचा फोन आला होता. कोंबड्यांच्या खुराड्यातून बोलत होती, मागे कलकलाट. म्हणाली, "अगं, उद्या दुपारच्या नमाजानंतर ते सगळे तुझ्याकडे येतायत. जाहा घेऊन. प्रश्न मागे घे म्हणायला." मी म्हटलं, बाईमाणसाच्या घरी जाहा? आजवर कुणी ऐकलंय? तर म्हणते, "तेच ते बसून ठरवत होते, चालतं की नाही. शेवटी म्हणाले, खासदार आहे तर चालवून घेऊ."  मग म्हणाली, "जाहाचं तोंड तुझा भाऊ आहे."

हुशार माणसं. पाशाने स्वतः मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. सगळ्या भावकीने मागितलं असतं तरी म्हटलं असतं. पण तू माझ्या घरी येशील, निवडणुकीनंतर पहिल्यांदा, पहिलं वाक्य बोलशील आणि कप खाली ठेवशील. तुला कॉफी न घेता माझ्या दारातून परत कसं पाठवू? आपल्यात असं पाठवतात का?

घरात पुरुष नाही. माझे यजमान गेले तेव्हापासून कॉफीची सुरई माळ्यावर आहे. ती काढून घासली. अबू दुरैद म्हणाले, "मी ओततो. तुझा मामा समज." पाच वेळा निवडून आलेला माणूस उद्या माझ्या घरी कॉफी वाटणार आहे. त्यांनी विचारलं, "काय उत्तर देणारेस?" मी म्हटलं, माहीत नाही. तेही खरं आहे.

मैसून


अम्मान
गुरुवार, १३ फेब्रुवारी

दादा,

सोमवारचं पत्र तुला द्यायचं राहिलं, याच पाकिटात घालतेय. तू सगळं स्वतः पाहिलंस, तरी मी लिहून काढते. मला नीट समजून घ्यायचंय.

तुम्ही बाराजण आलात. फ्लॅटच्या लिफ्टमध्ये तीन खेपा झाल्या. तू शेवटच्या खेपेला आलास. नवा फरवा होता, वहिनीने घेतलेला असणार, तू इतका चांगला रंग निवडत नाहीस. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघितलंस.

अबू दुरैदनी सगळ्यांना कॉफी दिली आणि बारा कप खाली ठेवले गेले. मग तू बोललास. "आम्ही या घरी आलोय. आमचं एक मागणं आहे आणि ते मान्य झाल्याशिवाय ही कॉफी कुणी पिणार नाही." तुझा आवाज जाड झालाय. मग तू म्हणालास की भावकीतलं भावकीत राहावं, उद्याचा प्रश्न मी मागे घ्यावा. पाठ केल्यासारखं म्हणालास. इतके महिने तुझा आवाज ऐकायला मिळावा म्हणून मी तळमळत होते आणि ऐकायला मिळाला तो असा.

मला "प्या कॉफी" म्हणायचं होतं. खरं सांगते, ते शब्द जिभेवर आले होते. पण माझी खोड तुला माहीत आहे. उत्तर द्यायच्या आधी मला विचारायचंच असतं.

मी विचारलं, "दादा, घरी पाण्याची पाळी कधी आली होती?"

धाकटे काका लगेच उसळले. "हे विचारायला आम्ही आलोय का?"

तू म्हणालास, "आली नाही." कुणी विचारलं तर खरं सांगायचं, ही तुझी खोड.

"मग आज नमाजाआधी हातपाय कशाने धुतलेस?"

"टँकरच्या पाण्याने."

"टँकर कुणाचा?"

सगळे तुझ्याकडे बघत होते. तू खाली बघितलंस, पुढ्यातल्या कपाकडे.  मग तो उचललास आणि प्यायलास.

 मग काका ओरडले, "अरे हा विसरला! म्हातारपण! तहान लागली असेल, प्रवास झालाय!" दुसरे म्हणाले, चूक झाली, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, दुसरं कुणी बोला. सगळे तुझी बाजू सावरत होते आणि तू रिकामा कप अबू दुरैदपुढे धरलास.

दादा, तू तो हलवला नाहीस.

डॉक्टरने तुला रक्तदाबासाठी एकच कप सांगितलाय. वहिनी शपथेवर सांगते की कितीही मोठ्या माणसाचं घर असलं तरी तू एका कपावर मनगट हलवतोस. मंगळवारी तुझा हात दगडासारखा स्थिर होता. अबू दुरैदनी सुरई वाकवली आणि दुसरा भरला. हसू दाबता दाबता त्यांचं पोट हलत होतं. म्हणाले, "घ्या अबू राकान, घ्या. बाकीच्यांचं काही मागणं असेल तर ऐकतो. यांचं तर दिसत नाही." तू दुसराही प्यायलास. मग उठलास, चपला घातल्यास आणि खाली गेलास. लिफ्टची वाटही बघितली नाहीस.

काल मी सभेत उभी राहिले. मंत्र्यांना आकडा वाचावा लागला. वादीत अकरा बोअर, परवाना दोनच बोअरना, उरलेल्या नऊ एकाच मालकाच्या. नाव वाचलं गेलं. सील लावायचा हुकूम निघाला म्हणतात. अर्ज घेऊन मंत्र्यांच्या बाकाशी वाकलेले दोघे-तिघे तेवढ्यापुरते सरळ उभे राहिले, एवढं मी बघितलं. अबू दुरैद बाक बडवत होते.

पण माझं लक्ष तिथे नव्हतं. मंगळवारपासून मला एकच प्रश्न पडलाय आणि तो कुठल्या मंत्र्याला विचारता येत नाही. तू विसरलास, की तुला कळत होतं? गावात तुला काय ऐकून घ्यावं लागत असेल ते मला माहीत आहे. राकानचं काय होईल, तेही तुला माहीत होतं. सांग ना. नाही सांगितलंस तरी मी पत्रं पाठवणारच आहे, पण सांग.

तुझी
मैसून


ऐन-हुमैद
शनिवार, १५ फेब्रुवारी

मैसून,

तुझी पत्रं मिळाली. सगळी. अक्षर अजून कोंबडीने उकरल्यासारखंच आहे. शाळेतल्या पोरी कशा वाचत होत्या कोण जाणे.

कॉफीत वेलदोडा कमी होता. एका कपात खात्री पटेना, म्हणून दुसरा घेतला.

सरकारची माणसं काल येऊन गेली. पंप बंद आहेत. रात्री वादीतून आवाज येत नाही, त्यामुळे मला झोप लागली नाही. पाणी अजून आलेलं नाही. का आलं नाही, ते विचार.

राकानला पाशाने घरी पाठवलं. तो तुझ्याशी बोलणार नाही म्हणतो. माझी पाळी संपली, आता त्याची. तू फोन करत राहा, वाजला की तो नंबर बघतो, मी पाहिलंय.

भावकीत मला कुणी बैठकीला बोलावत नाही. बरं आहे. रक्तदाब उतरलाय.

टाक्यात सोडलं होतं तेव्हा तू उत्तर दिलं नाहीस. दोरी हातातून सुटली तर नाही ना, म्हणून मी वर रडत होतो. तुला ते दिसलं नाही, मीही सांगितलं नाही. आता सांगतो. तेवढ्यासाठी दर गुरुवारी सलामाकडे पत्र देत जा. तिथे काय दिसतंय, ते कळव.

मुफ्लेह